जुन्या बुलेटची 'कॅफे रेसर' करताय? सुटे भाग मिळतील, पण कागदांचं काय?

मिरजेला माझ्या मामांकडे १९७४ ची बुलेट आहे. नंबर प्लेट जुन्या धाटणीची, तीन इंग्रजी अक्षरं आणि पुढे चार आकडे. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना एचएसआरपी, म्हणजे नवी सुरक्षा नंबर प्लेट लावायची सक्ती राज्यात झाली आणि मुदत पुन्हा पुन्हा वाढत गेली, तेव्हा मामांनीही एकदाचं ऑनलाइन बुकिंग करायला घेतलं. फॉर्ममध्ये गाडीचा नंबर टाकला. चेसिस नंबरचे शेवटचे पाच आकडे टाकले. इंजिन नंबरचे शेवटचे पाच आकडे टाकले आणि गाडी तिथेच अडली. आकडे जुळेनात.

कारण शोधायला दोन दिवस गेले. वीसेक वर्षांपूर्वी इंजिनाची केस तडकली होती. ओळखीच्या मेकॅनिकने दुसऱ्या बुलेटची केस आणून बसवली. गाडी सुरू झाली, सगळे खूश झाले, पण आरटीओत कळवायचं कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

हे सगळं चालू असताना मामांचा मुलगा दिवाणाखालून एक खोका बाहेर काढत होता. त्यात क्लिप-ऑन हँडल होतं, रिअर-सेट फूटरेस्ट होते आणि मागे कुबड असलेली सिंगल सीट होती. त्याला या बुलेटची कॅफे रेसर करायची आहे. पार्ट जमवायलाच त्याला वर्ष लागलं. आता प्रश्न असा की ते बसवले तर नेमकं काय होतं? गाडीचं, कागदांचं आणि पन्नाशी ओलांडलेल्या गाडीला कायद्याने जो मान मिळतो त्याचं?

कॅफे रेसर हे प्रकरण आलं कुठून?

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ब्रिटनमधून. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवरचं 'एस कॅफे' हा तरुण मोटारसायकलवाल्यांचा अड्डा होता. १९५० आणि ६० च्या दशकांत ही मुलं साध्या गाड्यांना शर्यतीच्या गाड्यांसारखं रूप द्यायची. हँडल खाली, पाय मागे, सीट एकट्यापुरती, वजन कमी. काही जण तर ट्रायम्फचं इंजिन नॉर्टनच्या 'फेदरबेड' चेसिसमध्ये बसवायचे आणि त्या गाडीला 'ट्रायटन' म्हणायचे. हे वेड पाहून रॉयल एन्फिल्डने १९६४ मध्ये कारखान्यातूनच तशी गाडी काढली, कॉन्टिनेन्टल जीटी २५०.

पुढे इंग्लंडमधली मूळ कंपनी बंद पडली, पण १९५५ पासून मद्रासमध्ये सुरू झालेलं बुलेटचं उत्पादन चालूच राहिलं. आपल्याकडे मात्र बुलेट म्हणजे शर्यतीची गाडी कधीच नव्हती. पोलिसांची, फौजेची, गावच्या पाटलाची, दूध संघाच्या चेअरमनची. ३४६ सीसी, साधारण १८ हॉर्सपॉवर. सरळ बसायचं आणि रुबाबात जायचं. तिला पुढे वाकवायची हौस अलीकडची. गेल्या पंधरा-वीस वर्षांत कस्टम गाड्या बनवणाऱ्या कार्यशाळा देशभर उभ्या राहिल्या आणि गोव्यातल्या वागातोरच्या बायकर मेळाव्यांमधून अशा गाड्या लोकांच्या डोळ्यांत भरल्या. २०१३ मध्ये रॉयल एन्फिल्डने कॉन्टिनेन्टल जीटी हे नाव पुन्हा जिवंत केलं, २०१८ मध्ये तिची ६५० सीसीची आवृत्ती आली आणि घरच्या जुन्या बुलेटकडे बघायची नजरच बदलली.

पार्ट मिळतात कुठे?

बुलेटवाल्यांचं नशीब एका बाबतीत चांगलं आहे. जुनं कास्ट आयर्न इंजिन थोड्याफार फरकाने २०१० च्या आसपासपर्यंत बनत होतं. त्यामुळे पन्नास वर्षांपूर्वीच्या गाडीचे पार्ट आजही दुकानात मिळतात. जावा किंवा आरडी ३५० वाल्यांना हे सुख नाही.

पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि चोर बाजार, दिल्लीत करोल बाग. बुलेटच्या पार्टसाठी करोल बाग म्हणजे पंढरीच. तिथला माल आता कुरियरने सांगली-कोल्हापूरपर्यंत घरपोच येतो. परदेशातून मागवायचं तर ब्रिटनमध्ये फक्त जुन्या एन्फिल्डचे पार्ट विकणारी दुकानं आहेत. तिथे दर्जा चांगला मिळतो, पण पार्टच्या किमतीवर कुरियर, कस्टम ड्युटी आणि जीएसटी चढला की आकडा बघून खुर्चीत बसावं लागतं.

दुकानात तीन शब्द ऐकू येतात आणि तिघांचा अर्थ वेगळा आहे. 'कंपनीचा' म्हणजे कंपनीच्या डब्यातला. 'जुन्या स्टॉकचा' म्हणजे त्या काळात बनलेला, न वापरता गोदामात पडून राहिलेला. आणि 'लोकल' म्हणजे नमुना बघून कुणीतरी बनवलेला. लोकल नेहमीच वाईट असतो असं नाही. मडगार्डचा स्टे लोकल चालतो. ब्रेकची केबल, ब्रेक शू किंवा हँडलची पकड लोकल घेऊ नये. हँडल चालत्या गाडीवर फोर्कवरून घसरलं तर पुढचं सांगायला नको.

सेकंडहँड इंजिन किंवा केस घेताना आणखी एक गोष्ट बघावी लागते. तिच्यावरचा नंबर कुठल्या गाडीचा आहे? ज्या गाडीचं ते इंजिन होतं तिच्या आरसीची प्रत आणि विकल्याची पावती मिळत नसेल, तर तो सौदा कितीही स्वस्त असला तरी सोडून द्यावा. भंगारात आलेलं प्रत्येक इंजिन भंगारात निघालेल्या गाडीचंच असतं असं नाही.

फोटोत सोपं दिसतं, पण...

व्हिडिओमध्ये क्लिप-ऑन बसवायला दहा मिनिटं लागतात. जुन्या बुलेटवर तसं होत नाही. तिच्या हेडलाइटभोवतीचं घुमटासारखं ओतीव कवच, ज्याच्या दोन बाजूंना छोटे पायलट दिवे असतात, ते नुसतं शोभेचं नाही. फोर्कच्या नळ्या वर त्याच कवचात आटे देऊन बसवलेल्या असतात. म्हणजे ते कवच हाच पुढच्या फोर्कचा वरचा आधार. क्लिप-ऑन फोर्कच्या नळीला चावून बसतात. त्यांना जागा करायची तर कवच कापायचं किंवा काढून तिथे वेगळी सपाट प्लेट घालायची. काढून ठेवलेलं कवच पुन्हा बसवता येतं. कापलेलं बसवता येत नाही.

त्याआधी नळीची जाडी व्हर्नियरने मोजून घ्यावी लागते. वेबसाइटवर 'बुलेटसाठी' एवढंच लिहिलेलं असतं, कुठल्या सालच्या बुलेटसाठी ते नसतं. नट-बोल्टचंही तसंच. जुन्या बुलेटवर ब्रिटिश मापाचे आटे आहेत आणि नवे पार्ट मिलिमीटरच्या मापाने येतात. दोन आटे सुरुवातीला जमतात, मग पाना जड लागतो, जोर लावला की अ‍ॅल्युमिनियमचा आटा जातो. मग लेथवाल्याकडे चक्कर.

हँडल खाली आलं की आणखी कामं निघतात. पूर्ण वळवल्यावर ते टाकीला लागतं का? लागत असेल तर अंगठा मध्ये सापडतो आणि टाकीला पोचाही पडतो. क्लच आणि ब्रेकच्या केबल आता लांब पडतात, त्या दुमडल्या की क्लच अडकतो. शिवाय अंगाचा भार मनगटांवर येतो. शर्यतीच्या वेगात समोरचा वारा छातीला थोडा उचलून धरतो. सांगली-मिरज रस्त्यावर, ताशी चाळीसच्या वेगात, तो वारा नसतो.

म्हणून क्लिप-ऑनबरोबर रिअर-सेट लागतातच, पाय मागे नेणारे फूटरेस्ट. इथे जुन्या बुलेटची खरी गंमत आहे. तिचा गिअर उजव्या पायाला आणि मागचा ब्रेक डाव्या पायाला. पहिला गिअर वर आणि पुढचे तीन खाली. पाय मागे गेला की गिअरच्या लिव्हरपर्यंत पोचत नाही. सोपा उपाय म्हणून लिव्हर उलटी फिरवून मागच्या दिशेला बसवतात, पण मग क्रमही उलटा होतो, पहिला खाली आणि बाकी वर. ज्याने ही गाडी तीस वर्षं चालवली आहे तो घाईच्या क्षणी सवयीने चुकीच्या दिशेला पाय मारणार. मामांच्या बाबतीत मला हीच भीती वाटते. क्रम जुनाच ठेवायचा तर मध्ये सांध्यांची दांडी घालावी लागते. ती ढिली असेल तर न्यूट्रल शोधताना घाम फुटतो.

सायलेन्सर आणि एअर फिल्टर बदलला की कार्बोरेटरचा जेट बदलावा लागतो, हे अनेक जण विसरतात. हवा जास्त आत गेली आणि पेट्रोल तेवढंच राहिलं तर इंजिन तापतं. स्पार्क प्लग काढून बघितला की कळतं. टोक तपकिरी असेल तर ठीक, पांढरं पडलं असेल तर जेट लहान पडतोय. तसंच पळवत राहिलं तर पिस्टन धरतो.

आणि ब्रेक. जुन्या बुलेटला पुढे-मागे ड्रम ब्रेक आहेत आणि ते मूळ वेगालाच जेमतेम पुरायचे. बहुतेक जण पैसे खर्च करतात हँडल, सीट आणि सायलेन्सरवर. ब्रेकपर्यंत येईतो बजेट संपलेलं असतं. माझ्या मते क्रम अगदी उलटा हवा. आधी ब्रेक शू, टायर, चाकांच्या स्पोक्स आणि वायरिंग, मग देखणेपण.

कायद्याच्या नजरेतून

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलांशी आरसीतली माहिती विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात यावर शिक्कामोर्तब केलं. केरळ उच्च न्यायालयाने दिलेली सवलत रद्द झाली. उत्पादकाच्या मूळ रचनेला हात लावायचा नाही, हा त्या निकालाचा गाभा. रंग बदलण्यासारखे किरकोळ बदल नोंद करून करता येतात.

त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम १८२-अ आलं. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. यातला 'प्रत्येक बदलामागे' हा शब्दप्रयोग नीट वाचा. हँडल, सीट, सायलेन्सर यांची मोजणी वेगवेगळी होऊ शकते.

सायलेन्सरचं तर वेगळं कलमही आहे. आवाज आणि प्रदूषणाचे निकष मोडले तर कलम १९० खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि लायसन्सवर गदा. जप्त केलेले सायलेन्सर ओळीने मांडून त्यांच्यावर रोडरोलर फिरवल्याचे व्हिडिओ महाराष्ट्रातल्या शहरांमधून तुम्ही पाहिले असतीलच.

सिंगल सीट निरुपद्रवी वाटते, पण आरसीवर आसनक्षमता दोन लिहिलेली असते. मागे बसणाऱ्यासाठी धरायला हँडल, फूटरेस्ट आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून संरक्षण, म्हणजे आपला साडी गार्ड, हे केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ मध्ये आहे. कॅफे रेसर करताना सगळ्यात आधी उतरतो तो नेमका साडी गार्डच.

इंजिन बदललं तर त्याची नोंद आरटीओत करावीच लागते. मामा अडकले ते इथे. अपघात झाला तर विमा कंपनीही हेच बघते. न कळवलेल्या बदलाचं कारण देऊन दावा नाकारायला तिला जागा मिळते.

आणि 'विंटेज'चं काय?

बोलताना आपण आरएक्स १०० लाही विंटेज म्हणतो. कायदा म्हणत नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्राने विंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले. त्यानुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं पूर्ण झालेली, खासगी वापराची गाडीच विंटेज. १९८३ ला भारतात आलेली राजदूत ३५० सगळ्यात लवकर २०३३ मध्ये विंटेज होईल, १९८५ ची आरएक्स १०० २०३५ मध्ये. मामांची बुलेट मात्र वयाची अट आजच पूर्ण करते.

या नोंदणीचे फायदे-तोटे दोन्ही आहेत. नव्याने नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये, ती दहा वर्षं चालते आणि पुढच्या वेळी ५ हजार. आधीपासून नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. मामांसाठी हीच सगळ्यात मोठी गोष्ट, तो नंबर आजोबांच्या हयातीतला आहे. उलट बाजू अशी की अशी गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची.

आणि मुख्य अट म्हणजे गाडी मूळ स्वरूपात हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात फेरफार करून मोठा बदल केलेला नको. त्याच मॉडेलची दुसरी केस बसवली तर त्याला फेरफार म्हणायचं का, हे नियमाच्या मजकुरातून स्पष्ट होत नाही. पण मागची चौकट ग्राइंडरने कापून सीटसाठी नवं वेल्डिंग केलेल्या गाडीबद्दल शंकेला जागाच उरत नाही.

म्हणून मला हँडल किंवा सीटपेक्षा 'पाना की ग्राइंडर' हा भेद जास्त महत्त्वाचा वाटतो. पान्याने बसवलेलं पान्याने काढता येतं. मूळ पार्ट खोक्यात जपून ठेवले असतील तर गाडी एका दिवसात परत पूर्वीसारखी होते. रस्त्यावर क्लिप-ऑन लावून फिरलात तर दंडाची शक्यता तेव्हाही आहेच, पण उद्याचा विंटेजचा दरवाजा बंद होत नाही. ग्राइंडर एकदा फिरला की तो कायमचा बंद. पावडर कोटिंगलाही मी याच यादीत धरते. चेसिस घासून जाड थर चढवला की कोरलेला नंबर बुजतो आणि आरटीओत पेन्सिलने छाप घ्यायची वेळ आली की कागदावर नुसता धुरकट पट्टा उमटतो.

ब्रिटनने काय केलं?

जिथे ही कला जन्मली तिथला नियम बघण्यासारखा आहे. ब्रिटनमध्ये मे २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या गाड्यांना वार्षिक एमओटी तपासणीतून सूट आहे. अट अशी की गेल्या तीस वर्षांत गाडीत मोठा बदल झालेला नसावा. पण तिथल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये एक समजूतदार कलम आहे. सुरक्षा, कार्यक्षमता किंवा प्रदूषण सुधारण्यासाठी चाकं-ब्रेकच्या भागात केलेला बदल 'मोठा बदल' धरला जात नाही.

आपल्या विंटेज नियमांत अशी वेगळी वाट नाही. १९७४ च्या गाडीला पुढे डिस्क ब्रेक लावून ती जास्त सुरक्षित करणारा आणि कानठळ्या बसवणारा सायलेन्सर लावणारा, दोघंही कलम ५२ समोर एकाच रांगेत उभे राहतात. सायलेन्सरवरची कारवाई मला पटते. मी स्वतः रात्री अकराला त्या आवाजाने उठून बसलेली आहे. पण चांगला ब्रेक लावणाऱ्याला आरटीओत जाऊन गाडी तपासून घ्यायची आणि रीतसर नोंद करायची सोय असायला काय हरकत आहे? ती नसल्यामुळे लोक गुपचूप डिस्क बसवतात आणि ते काम नीट झालंय का हे कुणीच तपासत नाही. वेल्डिंग करून बसवलेला कॅलिपर मी पाहिलाय. त्याच्यावर भरवसा ठेवून मी गल्लीतही गाडी चालवली नसती.

ज्याला फक्त ते रूप आणि ती बसायची ढब हवी आहे, त्याच्यासाठी कारखान्यातूनच तशी बनून येणारी कॉन्टिनेन्टल जीटी आहे, कागदांसकट. मी हे मामेभावाला सांगून पाहिलं. "ती आजोबांची नाही ना," एवढंच तो म्हणाला, आणि मला पुढे बोलता आलं नाही.

सध्या मामांच्या फायलीत जुनी आरसी, विम्याचे कागद, चेसिस आणि इंजिन नंबरचे फोटो आणि आरटीओत द्यायचा अर्ज असं सगळं लागलंय. ज्या मेकॅनिकने केस बदलली तो आता हयात नाही, त्यामुळे पावतीचा प्रश्न आहेच. नोंद दुरुस्त होईपर्यंत गाडीला एकही नवा पार्ट लागणार नाही, असं मामांनी जाहीर केलंय. मुलाने तेवढ्यात पुढचे-मागचे ब्रेक शू बदलून घेतले, त्याला मामांची हरकत नव्हती. क्लिप-ऑन अजून प्लास्टिकच्या वेष्टनात, दिवाणाखाली आहेत. जुन्या हँडलला आजोबांनी दुधाची किटली अडकवायला लावलेला हूक आहे, तोही तसाच आहे. मूळ स्वरूपात तो धरतात की नाही, हे मी अजून कुणाला विचारलेलं नाही.